धुरपताबाईंचं साडेसतरा तासांचं विमान

कुरुंद्याच्या धुरपताबाईंनी साठ वर्षांत खुर्ची वापरली ती दोनदाच: लग्नात आणि आधार कार्डाच्या फोटोला. बाकी सगळा संसार त्यांनी उकिडवं बसून केला. पण परवा पहाटे पाचला त्या हळदीच्या कढईशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि पट्टा म्हणून कमरेला बैलाचा कासरा बांधून घेतला.

कारण लेकीचं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हा रिवाज. पण प्रतिक्षा पडली मेलबर्नला आणि डॉक्टरनं तिचा प्रवास बंद केलेला. धुरपताबाईंनी सरळ जाहीर केलं, "लेक माहेरी येऊ शकत न्हाई, तर माहेर तिकडं जाईल!"

जावयानं मोबाईलवर विमानाची वेळ धाडली. ती वाचली थोरल्या लेकानं, भागवतनं. हा गृहस्थ घरातला हिशेबी माणूस. म्हणजे चुकला तरी ठासून चुकणारा. मुंबई ते मेलबर्न नऊ हजार आठशे किलोमीटर. दुपारी एकला निघणार, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पोचणार.

"साडेसतरा तास, माय! वसमतला जाईस्तोवर एसटीत तुझे गुडघे धरतात. मी जावईबापूंना न्हाई म्हणून कळवतो."

"काहून? साडेसतरा तास बसून दाखवते. बसले तर जाणार. खुर्ची सोडली तर तू म्हणशील तसं."

"बराबर!" भागवत अख्ख्या गल्लीदेखत म्हणाला. विमानात संडास असतो, म्हणून तेवढी सूट मिळाली.

गुडघे दुपारपर्यंत गप्प होते. खरी तकलीफ वेगळीच होती. दुसरी बाई हळद शिजवून राहिली आणि आपण नुसतं बघायचं, हे धुरपताबाईंना जन्मात जमलं नव्हतं.

"कमल, जाळ कमी कर! हळद शिजवायलीस का कालवण?"

"गप बसा, बाई," धाकटी जाऊ कमलबाई म्हणाली. "विमान चालवणाऱ्याला कुणी शिकवतं व्हय?" आणि तिनं भाकर-पिठल्याचं ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

जाणारायेणारा विचारी, "मावशी, कुठवर आलं विमान?"

"समुद्रावर हाय. दार लावा, वारं येऊन राहिलं."

दुपारी तीनला गुडघे ठणकू लागले. धुरपताबाईंनी कासरा आणखी आवळला. भागवत हळूच म्हणाला, "माय, सोड की आता हट्ट."

"मधीच कुठं उतरू? समुद्रात?"

पाचला प्रतिक्षाचा फोन आला. भागवतनं सगळी हकिकत सांगितली, तर ती ओरडलीच, "दादा, विमान बारा तासांचंच आहे! इथलं घड्याळ तुमच्यापेक्षा साडेपाच तास पुढं असतं. तू दोन गावांची घड्याळं एक समजलास!"

पहाटे पाच ते संध्याकाळी पाच. गल्लीनं बोटांवर मोजलं आणि एकच गलका केला. "आलं मेलबर्न! उतरा, मावशी!"

कासरा सुटला. धुरपताबाईंनी जोर लावला. गुडघे हलेनात.

भागवतच्या जिवात जीव आला. "बघा! उठता येईना. कशी जाणार ही?"

"ए हिशेबी!" धुरपताबाई खुर्चीतूनच कडाडल्या. "पैज बसायची होती. उठायची कुणी लावली होती? हात दे, न् जावयाला सांग, तिकीट काढा म्हणावं."

भागवतनं आधी हात दिला, मग फोन लावला.