वरण-भाताचा कागद

लॅबच्या ड्रॉवरमध्ये टाचण्या साठतात ना, तसेच हे किस्से! मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण हात घातला की एखादी टोचतेच. साठच्या दशकात मी जयपूरला एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो. सप्रे सर आमचे हेड. मूळचे नागपूरचे, एकटा जीव, आणि सकाळी दोन उकडलेली अंडी खाणार म्हणजे खाणारच! आता सर नाहीत. त्यांची आठवण आली की अजून गलबलतं.

*

सरांचं मत एकदम पक्कं. "शरीराला प्रोटीनमधली आठ अमायनो ॲसिडं बाहेरून लागतात, आठ! डाळीत एक कमी, गव्हात दुसरं कमी. अंड्यात आठही!"

वर्ग जवळजवळ सगळा शाकाहारी. मागच्या बाकावरून एक जण उठला, "सर, मेरे दादाजी नब्बे के हैं. उनको मत बताइएगा!"

*

तपासायची पद्धत अशी. पदार्थ पाचक रसात मुरवून त्यातलं प्रोटीन फोडायचं, त्याचा थेंब खास कागदावर चढू द्यायचा, मग रसायनाचा फवारा मारून कागद तापवायचा. प्रत्येक अमायनो ॲसिडचा जांभळा ठिपका उमटतो. ठिपका फिकट, म्हणजे माल कमी!

नियम एकच, कागदाला हात लावायचा नाही. बोटांच्या घामातही हीच ॲसिडं असतात. मी एकदा विसरलो, आणि मुगाच्या कागदावर माझा अख्खा अंगठा उमटला.

सर म्हणाले, "जोशी, मुगाचं राहू दे. तुझ्यात प्रोटीन आहे, एवढं सिद्ध झालं!"

*

आमची उषा तेव्हा चार वर्षांची, अगदी काडी! दुधाचा पेला दिसला की पळून जायची, खायची तो फक्त वरण-भात. सर घरी आले आणि माझ्या बायकोला, विमलला, म्हणाले, "वहिनी, पोरीला अंडं सुरू करा."

विमलच्या माहेरी अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. सर गेल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "अहो, माझ्या हट्टापायी पोर वाळतेय का हो?" मला फार अपराधी वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याबरोबर निरोप धाडला. "सरांना म्हणावं, आमच्या वरण-भातात काय कमी आहे ते कागदावर दाखवा. कागद म्हणाला, तर मी स्वतः अंडं उकडीन."

*

सर हट्टाला पेटले! डाळ तपासली, एक ठिपका फिकट. गहू तपासला, दुसराच फिकट. मग दोन्ही एकत्र करून तपासले, तर आठही ठिपके ठसठशीत!

सर बघतच राहिले. "अरे, हिची उणीव तो भरतोय आणि त्याची ही!"

आमचे अटेंडंट रामजीलालजी, जयपूरजवळच्या चाकसू गावचे, वाकून बघत म्हणाले, "मतलब साब, दाल-बाटी?"

डाळ आणि गव्हाची बाटी, राजस्थानात घरोघरी हेच जेवण!

*

आता राहिला वरण-भात. सरांनी विमललाच बोलावलं. उषाही आली. कागद दोरीवर वाळत होता, खाली सरांच्या अक्षरात 'वरण-भात' लिहिलेलं. सर विमलला सगळं समजावत होते, पण तिचं लक्ष कुठलं? पदर मुठीत धरून उभी होती बिचारी.

सरांनी फवारा मारला, कागद तापवून बाहेर काढला. आठही ठिपके ठसठशीत! विमलनं डोळ्यांना पदर लावला.

आणि कागदाच्या कोपऱ्यात, पाचही बोटांसकट, एक इवलासा जांभळा पंजा!

उषानं पटकन हात मागे लपवला. मी म्हटलं, आता काही खरं नाही.

सरांनी चष्मा पुसला. पेन्सिल घेतली आणि त्या पंजाखाली सावकाश लिहिलं, 'हाही वरण-भातच!'