अमलाखाली नाही

आमच्या डॉक्टर मॅडमना राग आला की त्यांची भाषा बदलायची. एरवी पुस्तकी मराठी बोलणारी ही नागपुरातल्या प्रताप नगरची बाई संतापली की सरळ नागपुरीवर उतरायची. सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली नर्स होते.

दारूच्या संशयावरून धरलेला माणूस पोलीस आमच्याकडे तपासायला आणत. बाकीचे डॉक्टर तोंडाचा वास घेऊन सही करायचे. मॅडम बुबुळं बघायच्या, सरळ रेषेत चालवायच्या, नाव लिहायला लावायच्या, रक्त काढायच्या. हवालदार वैतागायचे. "वास येऊन राहिला ना मॅडम, अजून काय पाह्यजे?"

"वास मलेही येते. माणूस शुद्धीवर आहे का, ते पाहून राहिली मी."

एका दुपारी दोन वाजता हवालदारानं कन्हानचा एक ऑटोवाला आणला. त्याच्या ऑटोला कारनं उडवलं होतं. "टुन्न आहे. सकाळी नऊपासून ठाण्यात बसवला, उतरतच नाही."

मॅडमनी टॉर्च मारला. एक बुबुळ मोठं, एक लहान. डावा पाय ओढत होता. कानामागे केसांत रक्त सुकलं होतं.

"पाच तास तुमी याची दारू उतरवून राहिले होते? डोकं फुटलं त्याचं, अन् तुमचे काय डोये फुटले?"

स्ट्रेचर आम्ही दोघींनीच ढकलत नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मॅडमनी अहवालात लिहिलं होतं : दारू घेतलेली आहे, पण अमलाखाली नाही, लक्षणं डोक्याच्या माराची. ठाण्यातले पाच तासही लिहिले होते. मी भांडले, "दारूचं कशाला लिहिलंत?"

"आहे ते वगळलं, तर पुढचं कोण खरं मानेल, सिस्टर?"

कार धरमपेठेतल्या बड्या माणसाची होती. वरून फोन आला, 'पण'पासून पुढचं काढून नवा अहवाल द्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पेशंट मी तपासला. तुम्ही नाही." पंधरा दिवसांत त्यांची बदली झाली, पार जंगलातल्या आरोग्य केंद्रात. निरोपाचा चहासुद्धा कुणी ठेवला नाही. त्या हवालदाराला मात्र कुणी हलवलं नाही. तो अजून येतो, आणि अजून "टुन्न आहे" म्हणतो. माझं डोकं फिरतं.

मॅडम बदलून गेल्यावर महिन्याभरानं ऑटोवाल्याची बायको आली. वकिलानं काढून दिलेली अहवालाची नक्कल तिच्या हातात होती, इंग्रजीतली.

"वस्तीत सारे म्हणून राहिले, घरचेही, पिऊन मेला. यात काय लिवलं, सांग वं बाई."

मी मराठीत सांगितलं. दारू घेतल्याचंही सांगितलं. ते तिला ठाऊकच होतं. पुढची ओळ ऐकून ती मागे वळली. तिनं दाराशी उभ्या असलेल्या दिराकडे बोट केलं.

"हे मोठ्यानं वाच. याले ऐकू दे."

मी वाचलं. सगळा वॉर्ड ऐकेल इतक्या मोठ्यानं.