विटाळ डोक्यात शिरताना मी पाहिला

"हा विचार तुझा नाही," सर म्हणाले. "कुठल्या पत्रकात वाचलास?"

वर्ग हसला. धुळ्याचं कॉलेज, तत्त्वज्ञानाचा तास. सरांनीच प्रश्न टाकला होता : चांगलं-वाईट माणूस जन्मतः जाणतो की शिकतो? मी उभा राहिलो आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं.

साक्रीकडचं आमचं गाव. आम्ही बौद्ध. हापशावर माझी माय पाणी भरून गेली की वरच्या गल्लीतल्या बाया दांडा राखेनं घासायच्या, मगच हात लावायच्या. एकदा त्यांच्यातलीच एक चिमुरडी तहानेली आली. मायनं हापसलं. पोरीनं ओंजळ धरली, पाणी प्याली, हसली. तिची आजी धावत आली, फाडकन पोरीच्या थोबाडीत दिली. काही दिवसांनी तीच पोर मायला पाहून मागं सरली. मुठीत राख घेऊन.

घरी माय म्हणाली, "पोर काय मायना पोटमा इटाळ शिकनी का रे? शिकाडतस तिले."

एवढंच मी सांगितलं. मायच्या बोलीतच. सर म्हणाले, "तुमच्या लोकांचं पोट बोलतं. तत्त्वज्ञानाला मन लागतं."

मी बसलो. आपण खरंच हे कुठं वाचलं का, असं माझं मलाच वाटायला लागलं. अपमान असाच आत घर करतो.

पुढं जळगावला वादविवाद स्पर्धा निघाली. विषय तोच. सरांनी खोलीत बोलावलं. शेजारी अविनाश, वर्गातला पहिला नंबर.

"ते हापशाचं उदाहरण याला नीट सांग. हा बोलेल. तुझे उच्चार तिथं चालायचे नाहीत."

"सर, तो विचार माझा नव्हता ना?"

"विचार कुणाच्या मालकीचा नसतो, बाळ."

बाळ! वर्षभरात पहिल्यांदा.

अविनाश म्हणाला, "दे ना भाऊ. शेवटी तुझं नाव घेतो की."

माझी वसतिगृहातली जागा सरांच्या सहीवर होती. तरी बोललो, "थोबाडीत बसली ती माझ्या मायच्या पाण्यापायी. मी सांगेन, नाहीतर कुणीच नाही."

"मग गेटाबाहेर जाऊन सांग."

जागा गेली. गेटाबाहेरच सांगतोय तेव्हापासून. साक्रीच्या बाजारात, धुळ्याच्या चौकात, मायच्याच बोलीत. विटाळ आभाळातून पडला नाही, रक्तातून आला नाही. माणसांनी तो मारून-मारून लेकरांच्या डोक्यात घातला. घातलेलं उपसून काढता येतं. आम्ही काढणार. कुणाची परवानगी मागणार नाही, आणि आमच्या तोंडचा शब्द कुणाच्या तोंडात देणार नाही.