उघडा म

डहाणूत श्यामकांत सरांना आवडेल अशी एकही पाटी नव्हती. फ्लेक्स दिसला की कपाळाला आठी. "अक्षरं आहेत का फुगे?" हे ते स्टेशनजवळच्या अनिकेतच्या दुकानात जाऊन तोंडावर सांगत. अनिकेत फ्लेक्स आणि पत्रिका छापायचा. सर त्याला गाढवाखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारत नसत. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस जन्मभर नाकाने कांदे सोलत आला होता.

त्यांच्या वडिलांचा छापखाना होता. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून तालुक्यातल्या लग्नपत्रिका तिथे निघत, मराठी आणि गुजरातीही. ते खिळे कधीच भंगारात गेले. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा सरांनी हट्ट धरला: पत्रिका आजोबांच्याच अक्षरात निघेल. चिंचणीपासून झाईपर्यंत फिरून त्यांनी जुन्या पत्रिका मिळवल्या, स्कॅन केल्या आणि एकेक अक्षर कॉम्प्युटरवर नव्याने काढलं. मेहनत खरी होती, ती नाकारता येणार नाही.

पण खोड जाते कुठे! जुन्या पत्रिकांत तळाला एक म डोक्यावरच्या रेघेशिवाय असायचा, गुजराती खिळ्यांतून उसना घेतलेला. "छापखाना चालवायचा आणि म पुरेसे घ्यायचे नाहीत! दरिद्रीपणा नुसता," म्हणत सरांनी तो उघडा म उडवला. जिथे वडिलांच्या नावाची 'मुद्रक' ही ओळ असायची, तिथे घातलं 'अक्षररचना : श्यामकांत'. लेकीच्या नावाइतकं ठळक.

नमुना घेऊन ते कोसबाडला थोरल्या बहिणीकडे गेले. वसुमतीताईंनी लग्नाआधी वडिलांच्या हाताखाली खिळे जुळवले होते; सर शाईच्या वासाला नाक मुरडून तिकडे फिरकतही नसत. बाबांचं अक्षर उतरलं की नाही, हे सांगणारं आता तेवढंच माणूस उरलं होतं. तिच्या तोंडून "वा" ऐकायला सर आसुसले होते, पण ते कबूल कोण करणार?

ताईंनी पत्रिका चष्म्याजवळ धरली. "अक्षरं बाबांची आहेत रे. पत्रिका त्यांची नाही."

"म्हणजे काय?"

"उघडा म कुठाय?"

"ती चूक होती. मी सुधारली."

"चूक? अरे, लग्नसराईत म कमी पडायचे. मंगल, मुहूर्त, आमंत्रण, सगळीकडे तोच. गिऱ्हाइकाच्या ओळीत उसना म बाबांनी कधी घालू दिला नाही. तो जायचा तळाला, 'मुद्रक'मध्ये. उणं असेल ते आपल्या ओळीत घ्यायचं, म्हणायचे. आणि तू तीच ओळ काढून आपलं नाव घातलंस!"

सरांनी त्या अक्षराचं वळण न् वळण पाहिलं होतं. ते नेहमी तळालाच का, हे मात्र मनातही आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि परतीच्या एसटीत ती कमी झाली नाही.

पत्रिका छपाईला गेली त्या दिवशी अनिकेतचा घाबरत फोन आला. "सर, ओरडू नका हां. तुम्ही पाठवलेल्या नव्या फाइलमध्ये तुमचं नाव एकदम बारीक झालंय, आणि त्यातल्या म ची वरची लाइन गायब आहे. लावून देऊ का?"

"गाढवा..." सर म्हणाले आणि अडखळले. "नको, अनिकेत. बाकी सगळ्यांचे म नीट आहेत ना, तेवढं बघ."