खिशातला फ्यूज

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. अमावस्येला पडलेलं चांदणं, कुलूपबंद घरात आलेला माणूस... असलं काही सापडलं की बायकोला वाचून दाखवतो. जे मोजता येत नाही ते मला पटत नाही, हा स्वभावच. तरी आज मीच लिहितोय. चुका तुम्ही काढा.

चारठाण्याजवळ आमची पाच एकर काळी जमीन आहे आणि माल जिंतूरच्या मोंढ्यात न्यायला एक जुना पिकअप. त्याचा रिव्हर्सचा दिवा एकच, तोही काच फुटून गेलेला. पन्नाशीनंतर संध्याकाळी आरशात नीट दिसेना, म्हणून मागच्या वर्षी सलीम इलेक्ट्रिशियनकडून मागे दोन जादा एलईडी दिवे बसवून घेतले. प्रत्येकी अठरा वॅट. रिव्हर्स गिअर टाकला की आपोआप लागणारे. सलीम म्हणत होता, मध्ये एक स्विच देतो, नको तेव्हा बंद करता येतील. मी नको म्हणालो. स्विच असला की माणूस तो चालू करायला विसरतो. पहिल्यांदा दिवे लावले तेव्हा मागच्या दुकानाचं शटर पांढरंफटक झालं. सलीम म्हणाला, "काका, गाडी मागं घ्यायलाव का वरात काढायलाव?"

तूर निघाली की दरवर्षी गंगाराम मेंढपाळ आमच्या रानात मेंढरं बसवतो. रात्री मेंढरं जाळीच्या कुंपणात बसतात, रानाला लेंड्यांचं खत मिळतं, आम्ही त्याला ज्वारी देतो. आणि तो निघाला की त्याची कोकरं नि बिऱ्हाड पुढच्या रानापर्यंत आमच्या गाडीतून पोचवतो. वडिलांच्या वेळी बैलगाडी होती, आता पिकअप.

मागच्या वर्षी तो आला त्या संध्याकाळी ज्वारी उतरवायला मी गाडी गाडीवाटेनं मागे घेतली. दिवे लागले आणि मेंढरं अशी बिथरली की जाळी एका अंगानं आडवी झाली. सगळा कळप शेजाऱ्याच्या गव्हात. शेजाऱ्यानं आमच्या दोघांचाही उद्धार केला. मेंढरं गोळा करून आल्यावर गंगाराम दम खात म्हणाला, "मालक, हे काय बसवलंव? सूर्य बांधलाव की गाडीला. आमी हावत तवर लावू नका."

स्विच नव्हता. म्हणून त्याच्या मेंढरांजवळ गाडी मागे घ्यायची झाली की मी बॉनेट उघडून त्या दिव्यांचा फ्यूज काढून ठेवायचो. साडेसात अँपिअरचा, तपकिरी, करंगळीच्या नखाएवढा. फ्यूज नाही म्हणजे वीज नाही. यात मताचा प्रश्न नाही.

निघायची वेळ आली. पुढचं रान येलदरीच्या बाजूला होतं. कोकरांना ऊन सोसत नाही, म्हणून कोकरं नि बिऱ्हाड दिवेलागणीला गाडीतून जाणार आणि मेंढरं पहाटे चालत निघणार, असं ठरलं. मी फ्यूज काढला, शर्टच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. हे बटण मला पक्कं आठवतं.

अंधारून आलं होतं. चंद्र उगवायचा होता. गंगाराम मेंढरांच्या बाजूला जाळी धरून उभा राहिला. त्याची बायको आणि सून पारू पलीकडे कोकरं बांबूच्या डालग्यांत भरत होत्या. मी खिडकीतून विचारलं, मागे कुणी नाही ना?

"कोण ऱ्हातंय? येऊ द्या," गंगाराम म्हणाला.

मी रिव्हर्स टाकला, क्लच हळूहळू सोडला. आरशात काही दिसत नव्हतं. गाडी थोडी सरकली असेल... आणि मागे उजेड पडला. पांढरा, सपाट, दिव्यांचाच. आरशात डाव्या चाकाची चाकोरी दिसली, चाकोरीत लाल गोधडी, आणि गोधडीतून वर आलेली एक चिमुकली मूठ. मूठ उघडत होती, मिटत होती. मनगटात काळा दोरा.

मी ब्रेक दाबला. उजेड गेला. गिअर अजून रिव्हर्समध्येच, चावी चालूच.

मोबाइलची बॅटरी लावून पळत मागे गेलो. गोधडी टायरपासून दोन फुटांवर होती. आत पारूची तान्ही मुलगी, टक्क जागी. चाकोरी पाळण्यासारखी खोल, तिथं वारा लागत नाही, म्हणून पारूनं तिला तिथं निजवलं होतं. गाडी सुरू झाल्यावर तिला वाटलं सासूनं उचललं, सासूला वाटलं पोरगी पारूच्या पाठीशी आहे. पारू धावत आली, चाकोरीत बसली आणि पोरीला छातीशी धरून बसूनच राहिली.

गंगारामनं विचारलं, "मालक, तुमाला दिसलं कसं वो? काळाकुट्ट अंधार की."

"दिवे लागले ना मागचे."

"कुठले दिवे?"

मला वाटलं घाबरल्यामुळं त्याच्या ध्यानात आलं नसेल. मग मी मेंढरांकडे बॅटरी वळवली. सगळी खाली बसून रवंथ करत होती. जाळी सरळ उभी. मी खिशाचं बटण काढलं. फ्यूज आत होता.

नंतर जमेल ते सगळं तपासलं. सलीमनं फ्यूज काढून रिव्हर्स टाकला, ब्रेक दाबला, इंडिकेटर लावले, वायरी हलवल्या. दिवे लागले नाहीत. ब्रेकचा उजेड म्हणाल तर तो लाल असतो, आणि तेव्हा माझा पाय ब्रेकवर नव्हता. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. मी चाकोरीत तीच वेळ साधून लाल गोधडी ठेवून आरशात पाहिलं. काही दिसलं नाही. भासच म्हणावा, तर मनगटातला काळा दोरा मला कुठून ठाऊक? ते मूल मी आधी कधी जवळून पाहिलंही नव्हतं.

बायकोनं दसऱ्याला त्या दिव्यांना हळद-कुंकू लावलं. मी अडवलं नाही. पण तिच्यासारखं निवांत मला होता येत नाही. जे दिवे फ्यूज नसताना लागले, ते फ्यूज असताना एखाद्या दिवशी लागणार नाहीत, याची हमी कोण देणार? आता मी प्रत्येक वेळी खाली उतरतो, चाकोरीतून हात फिरवतो, मगच गाडी मागे घेतो. मोंढ्यात हमाल हसतात. हसू दे.

यंदा गंगाराम पुन्हा आला. पारूची मुलगी आता चालते. परवा दिवेलागणीला मी बॉनेट उघडून फ्यूज काढत होतो, तेवढ्यात ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. गाडी बंद होती, तरी मी धावत मागे गेलो.

ती दिव्यांसमोर उभी होती. सूर्य बुडालेला, दिवे विझलेले, फ्यूज माझ्या मुठीत. आणि तिनं डोळे बारीक केले होते. आडवा हात कपाळाशी धरला होता... उजेड डोळ्यांवर आल्यावर धरतो तसा.

पारू आली, तिला कडेवर घेत म्हणाली, "लाजायली व्हय गं मालकाला?"

मी मूठ उघडून पाहिली. फ्यूज होता. याचा हिशेब माझ्याकडे नाही.