शेरा : मोकळी

"ताई, तुमचं आप्पा गेलं," एवढंच आप्पांच्या पत्नी, काकी, फोनवर म्हणाल्या. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत... सांगलीत विश्रामबागच्या ऑफिसात मी फोन हातात धरून बसून राहिले. लाज वाटते, पण सांगते, दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता 'कागदाचं काय झालं' म्हणून आप्पा विचारणार नव्हते. त्याला दीड महिना झाला.

शामराव आप्पा कुंडलचे. फौजेत गाड्या चालवून निवृत्त झाले आणि आमच्या रुग्णवाहिकेवर लागले. आमच्याकडे सातारा-सांगलीतल्या काही गाड्यांचं कंत्राट. आप्पांची गाडी म्हसवडला आणि सगळ्या गाड्यांच्या नोंदवह्या माझ्या टेबलावर. बाकीचे ड्रायव्हर शेऱ्याच्या रकान्यात मावेल तेवढं कोंबायचे. आप्पांचा मात्र एकच शब्द... दाखल. वारला. मोकळी. "आप्पा, जरा सविस्तर लिहा की," म्हटलं तर म्हणायचे, "ताई, गाडी चालवू का निबंद लिवू?" संध्याकाळी फोन केला तर आम्हा जैनांच्या जेवणाची वेळ त्यांनाच आठवायची. "दिवस मावळाय लागलाय. ठेवा फोन, जेवून घ्या आदी." माझ्या सख्ख्या भावाला कधी हे सुचलेलं नाही.

मग वरून फर्मान आलं : गाड्या तेवढ्याच राहतील, कुठली फुकट फिरते ते काढा आणि गरज आहे तिथे हलवा. त्यात मला काही गैर वाटलं नाही. महामार्गावर अपघात व्हायचे आणि गाडी लांबून येईपर्यंत माणसं रस्त्यावर पडून असायची. मी नोंदवह्या घेऊन बसले. म्हसवडच्या वहीत कितीतरी फेऱ्यांपुढे दवाखान्याचं नाव नाही, शेरा मोकळी. आम्ही ऑफिसात दिवसभर म्हणत असतो, गाडी मोकळी गेली, गाडी मोकळी आली. त्या सगळ्या फेऱ्या मी फुकट धरल्या. तक्ता इतका नेटका झाला की साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली, आणि म्हसवडची गाडी महामार्गावर गेली. आप्पा तिच्याबरोबर गेले नाहीत. नोकरी सोडून कुंडलला शेतीवर आले.

काही दिवसांनी ते ऑफिसात आले, पिशवीत मक्याची कणसं घेऊन. गाडी का हलवली, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. मी तक्ता पुढे केला. चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी तो वाचला.

"ताई, ह्ये मोकळी म्हंजी काय धरलंय तुमी?"

"गाडी मोकळी आली, आप्पा."

त्यांनी चष्मा काढून तक्त्यावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "आवं, गाडी न्हवं... बाई मोकळी झाली."

माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर गाडी पोचेपर्यंत बाईच्या कळा अगदी शेवटाला आलेल्या असायच्या. गाडीतले डॉक्टर तिथेच बाळंतपण करायचे. आई आणि बाळ धड आहेत म्हटल्यावर घरचे दवाखान्याला नको म्हणायचे, आणि गाडी परत यायची. माझ्या जन्माची गोष्ट सांगताना माझी आईसुद्धा 'मी दुपारी मोकळी झाले' असंच म्हणते. ऑफिसच्या खुर्चीत बसून मी आईचा शब्द विसरले.

आप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चूक माजीबी हाय. एक शबुद जादा लिवला असता तर हात झडला नसता." उठता उठता पुन्हा बसले. "तिकडं हायवेवरबी माणसंच पडत्यात. त्यांची गाडी काडून हिकडं द्या म्हनाय जीब रेटंना. पर ह्या बायांनी जायाचं कुटं?" तक्ता दुरुस्त करून वर पाठवते, दुसरी गाडी मागते, असं मी कबूल केलं.

कागद त्याच संध्याकाळी लिहिला. पण पहिल्याच ओळीत 'माझी चूक झाली' आलं होतं, आणि नव्या कंत्राटाच्या तोंडावर ऑफिसातली माणसं कमी करायचं घाटत होतं. मी कागद ड्रॉवरमध्ये सारला. आठवड्याने आप्पांचा फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाठवलाय, आप्पा." "लय बरं झालं, ताई." पुढे दर महिन्याला ते विचारायचे, मी 'वर अडकलाय' सांगायचे. मधल्या काळात वस्त्यांवर किती जणींनी वाट पाहिली, मला माहीत नाही. गाडीच नाही तिथे नोंदवही नसते, आणि नोंदच नसली की सगळं ठीक दिसतं.

तेराव्यानंतर कुंडलला गेले. काकींनी त्यांची खिशातली वही हातात दिली. "तुमचं नाव हाय म्हून ठिवली," म्हणाल्या. आत ऑफिसातल्यासारखेच रकाने आखलेले : वस्ती, बाईचं नाव, शेरा मोकळी. खाली वेगळ्या शाईत बाळाचं नाव... ते बारशानंतर विचारून लिहीत असणार. शेवटच्या पानावर एकच ओळ होती. 'ताईंनी कागद पाठवला. म्हसवडला गाडी येणार.' त्याच्यापुढेही शेऱ्याचा रकाना होता, कोरा. एवढा कमी शब्दांचा माणूस, पण माझ्यासाठी त्याने पूर्ण ओळ लिहिली होती.

दुसऱ्याच दिवशी मी कागद पाठवला, पहिल्या ओळीसकट. साहेब हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलतात. वरून उत्तर आलेलं नाही. काकींनी वही माझ्याकडेच ठेवायला सांगितली. ज्या ड्रॉवरमध्ये कागद होता तिथेच ती ठेवली आहे. रोज सकाळी ड्रॉवर उघडला की आप्पा विचारतात, आणि आता खोटं सांगता येत नाही. शेऱ्याची जागा अजून कोरी आहे.