बेकार शेजाऱ्याला नोकरीचा सल्ला

समोरच्या दारातला जर्मन बेकार आहे, हा निष्कर्ष मी पहिल्या महिन्यातच काढला होता. पुरावे भक्कम होते. भर दुपारी घरी, कायम अर्ध्या चड्डीत, आणि शनिवार-रविवार मात्र खांद्याला बॅग लावून गायब. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत अशा मुलाकडे स्थळं येणं कधीच बंद झालं असतं.

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या त्या नव्या इमारतीत मी एकटाच राहायचो. बायको नोकरीसाठी आणि मुलगी दहावीसाठी पुण्यात. ऑफिसात बोलणं व्हायचं, पण सगळं कामाचं. घरी आलं की आवाज काय तो डिशवॉशरचा. अख्ख्या इमारतीत मी ज्याची बेल वाजवू शकेन असं एकच दार होतं, तेही पार्सलांच्या कृपेने. इथे आपण घरी नसलो की कुरिअरवाला पार्सल शेजारी देऊन जातो. आणि शेजारीच बेकार म्हटल्यावर तर चैनच.

मग मी मोजे एका दिवशी मागवायला लागलो, बुटाच्या नाड्या दुसऱ्या दिवशी. दर पार्सलामागे दारात उभ्याने थोड्या गप्पा. बायको फोनवर म्हणाली, "अरे, किती मोजे? पाय अजून दोनच आहेत ना?"

ओळख वाढली तसा मी मूळ स्वभावावर गेलो. म्हणजे सल्ल्यावर.

"कोडिंगच्या फंदात पडू नकोस. टेस्टिंग शिक. सीव्ही मला दे, मी पुढे सरकवतो."

तो हसला नाही. "दिवसभर बसून करायचं काम?"

"अगदी दिवसभर."

"मग बरं. माझा गुडघा त्रास देतो. पण मी बत्तीस वर्षांचा आहे. उशीर नाही झाला?"

"बत्तीस? आमच्याकडे बत्तीसचा म्हणजे पोरगा!"

त्याचा चेहरा असा काही उजळला की मला माझ्याच थोरपणाने भरून आलं.

वसंतात ऑफिसची सगळी टीम फुटबॉलच्या मॅचला गेली. दुसऱ्या श्रेणीतला साधा क्लब. मी क्रिकेटचा माणूस, त्यामुळे माझं सगळं लक्ष हातातली कॉफी गार होतेय याच्याकडे. इतक्यात मैदानाच्या कडेने धावणारा एक चेहरा ओळखीचा वाटला.

"अरे, हा माझा शेजारी! हा इथे काय करतोय?"

डच सहकाऱ्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "नोकरी करतोय. एके काळी जर्मनीत वरच्या लीगमध्ये खेळायचा. मग गुडघा गेला. उन्हाळ्यात करार संपतोय, नवा मिळेल असं वाटत नाही."

उरलेली सगळी मॅच मी त्याच्याकडेच बघत होतो. धावायचा, वाकायचा, कोचकडे बघायचा, परत धावायचा. कोच एकेकाला आत पाठवत होता, पण याच्याकडे मान वळवत नव्हता. मला राहवेना. उभा राहून चक्क मराठीत ओरडलो, "अहो साहेब, सोडा की त्याला आत!"

त्याने वर बघितलं. जणू त्याने शतकच ठोकलंय, असा मी दोन्ही हात हलवत होतो. त्याने एक हात अर्धा वर केला आणि लगेच खाली घेतला.

त्यानंतर त्याची बेल वाजवायचा मला धीरच होईना. माझी पार्सलं त्याच्याकडे साठत गेली. शेवटी तोच आला, खोकी छातीशी धरून.

"मोजे नकोत?"

"मला माहीत नव्हतं रे. सांगितलं का नाहीस?"

"बाकी सगळे विचारतात, मैदानावर कधी परतणार. तू एकटाच त्याच्या पुढचं बोलायचास." मग म्हणाला, "काय ओरडत होतास त्या दिवशी?"

"कोचला विनंती करत होतो."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत. घाईत तेवढीच येते."

तो मोठ्याने हसला. आणि हसू पुरतं ओसरायच्या आत म्हणाला, "काल क्लबने कळवलं. नवा करार नाही. मी गावी जातोय, भावाच्या टाइल्सच्या दुकानात. पण टेस्टिंगचा विचार मी खरंच केला होता."

एका माणसाची उभी कारकीर्द माझ्या दारात संपत होती, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? आता माझी पार्सलं कोण घेणार.

तो गेला त्या दिवशी सोफा उतरवायला मी मोठ्या तोऱ्यात पुढे झालो आणि सोफा लिफ्टच्या दारात असा अडकवला, की सोडवायला दुखऱ्या गुडघ्यानिशी त्यालाच खाली बसावं लागलं. "तू टेस्टिंगच कर," तो खालून म्हणाला.

आता समोर एक जोडपं राहतं. दोघंही नोकरीवाले, दिवसभर बाहेर. माझी पार्सलं सुपरमार्केटच्या काउंटरवर जातात. मोजे मी अजून मागवतो. काउंटरवरची मुलगी ओळखपत्र बघते, खोकं सरकवते आणि माझ्या मागच्याला बोलावते. परवा मी तिला विचारलं, "दिवसभर उभं राहावं लागतं?"

"हो," ती म्हणाली.

मी तोंड उघडलंच होतं. पण मागे रांग होती.